हलका हात

विम्याच्या ऑफिसात दाव्यांच्या टेबलावर तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. लोकांची दुखणी तिच्याकडे कागदावरून यायची आणि कागदावरूनच परत जायची, बहुतेक वेळा नामंजूर होऊन. एक दिवस काचेपलीकडच्या एका बाईनं विचारलं, "तुम्ही कधी आजारी माणूस जवळून बघितलाय का हो?" तो प्रश्न काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. चाळिशी उलटलेली असताना तिनं नर्सिंगला जायचं ठरवलं.

घरात अर्थातच हसं झालं.

"वर्गातल्या पोरी तुला काकू म्हणतील," नवरा म्हणाला.

"म्हणू देत. ऑफिसात माझ्या पाठीमागे याहून वाईट म्हणतात."

प्राचार्याबाईंनी तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. पदविका लवकर संपणार, नोकरीही लवकर. पण जन्मभर कुणाच्या तरी हाताखाली राबायचं. पदवीला चार वर्षं आणि रोजची हजेरी, पण पुढे अख्खा वॉर्ड सांभाळता येईल, शिकवताही येईल. तिनं पदवी निवडली. सगळा जन्म जवळच्या वाटेनं चाललेल्या बाईनं लांबची वाट मागून घेतली होती, आणि त्याचा तिला कोण अभिमान! राजीनामा देऊन ती मोकळी झाली. आता प्रवेशाच्या शेवटच्या सोमवारी जाऊन सही करायची, एवढंच उरलं होतं.

नेमकी इथेच बाईसाहेबांना अवदसा आठवली.

सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना सांभाळायला दिवसभर एक बाई यायची. कूस बदलायची वेळ आली की सासूबाई असं काही किंचाळत की शेजारी खिडक्या लावून घेत. कॉलेजनं प्रवेशाआधी घेतलेल्या शिबिरात ती हेच शिकून आली होती: अंगाखाली दुमडलेली चादर सारायची, ओढायचं ते चादरीला, माणसाला नाही, आणि पाठीला उशी लागेपर्यंत हात काढायचा नाही. सहीला आठवडा असताना, रविवारी, थोरली नणंद आईला बघायला आली. सगळे खोलीत जमले होते. हिला राहवलं नाही. हे खूळ नाही, हे नवऱ्याला एकदा दाखवून द्यायचंच होतं. तिनं बाह्या सरसावल्या आणि सासूबाईंना कुशीवर वळवलं.

सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही. "झालं पण?" त्यांनीच विचारलं.

नणंदेनं टाळ्या वाजवल्या. नवरा बघतच राहिला. त्या दिवशी ती घरभर हवेत तरंगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांभाळणारी बाई आलीच नाही.

"मीच नको म्हणून सांगितलं तिला," नवरा म्हणाला. "घरात नर्स असताना बाहेरचं माणूस कशाला?"

"अरे, मी नर्स झाले कुठे अजून? त्यासाठीच तर कॉलेजला जायचंय ना!"

"येतंय की तुला सगळं. आणखी काय शिकायचं राहिलंय?"

तिनं नणंदेला फोन केला. "अगं, तुझ्या हातात जादू आहे," नणंद म्हणाली. "मी केलं असतं, पण मला बाई आईचे हाल बघवत नाहीत." ज्यांना बघवत नाही त्यांचं बरं असतं, त्यांना लांब राहायला मिळतं.

राहता राहिल्या सासूबाई. घरात एकट्या त्याच तिला म्हणाल्या होत्या, जा, शीक, मला कुणी शिकवलं नाही.

"आई, तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकेल तो."

सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. "सांगितलं असतं गं. पण ती बाई फार ओढते. मी असेपर्यंत थांब. मग शीक हवं तेवढं."

ते ऐकून तिचा संताप संताप झाला. शनिवारी सकाळी तिनं मनाशी पक्कं केलं: आज एक हिसका द्यायचा. म्हातारी एकदा किंचाळली की दुपारच्या आत ती बाई परत येईल. नवरा चहाचा कप घेऊन दारातच उभा होता. त्याच्या कानावर जायलाच हवं होतं. तिनं चादर मुठीत घट्ट धरली, दात आवळले. पण हातांनी तिचं ऐकलं नाही. चादर हळूच सरकली, सासूबाई अलगद वळल्या, पाठीला उशी लागली, आणि मगच हात निघाला.

"हलका हात आहे हो पोरीचा," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या.

"बघ," नवरा म्हणाला आणि चहा संपवायला बाहेर गेला. ती न्हाणीघरात जाऊन रडली. स्वतःच्या हातांचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

सोमवारी दुपारी प्राचार्याबाईंचाच फोन आला. "अहो, तुमची जागा राखून ठेवलीय. येताय ना?"

"नाही जमणार, मॅडम. द्या दुसऱ्या कुणाला तरी."

"असं एकदम? झालं काय?"

"नोकरी लागली."

"अरे वा! परत विम्यातच का?"

"नाही. नर्सिंगचीच."

"पदवीशिवाय? कुठल्या हॉस्पिटलात?"

आतून सासूबाईंनी हाक मारली, पाठ दुखायला लागली होती. "आले, आई," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.