कोरडी पिपेट

थेंबसर गुणी होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्यांच्याविषयी जे येणार आहे ते वाचून कुणी त्यांना कच्चं समजू नये. ब्युरेटच्या, म्हणजे मापाच्या खुणा आखलेल्या आणि खाली चावी असलेल्या उभ्या काचनळीच्या, तोंडाशी अर्धाच थेंब लोंबकळत ठेवायचा, फ्लास्कच्या आतल्या काचेला तो अलगद टेकवायचा आणि पाण्याच्या पिचकारीने खाली उतरवायचा, ही त्यांची करामत बघायला शेजारच्या वर्गातली मुलंही दारात येऊन उभी राहत. नाव त्यावरूनच पडलं होतं आणि ते त्यांना शोभतही होतं.

पण गुणी माणसाची खोडही तितकीच दांडगी असते. सर पिपेट तोंडाने भरत. काचेची ती लांब नळी बाटलीत बुडवायची, वरचं टोक ओठांत धरायचं, सरबत ओढावं तसं द्रावण वर ओढायचं आणि खुणेच्या वर गेलं की जिभेच्या जागी बोट ठेवायचं. सरांना हे एका दमात जमायचं. म्हणून ते सगळ्यांना जमलंच पाहिजे, असं त्यांचं गणित होतं. प्रयोगशाळेत नियमांचा एक फलक होता. 'पिपेट तोंडाने ओढू नये' असं त्यावर चांगलं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. सर वर्गात आले की त्याच फलकाच्या खिळ्याला आपला कोट अडकवत, आणि तास संपेपर्यंत नियम कोटाखाली झाकलेले राहत.

त्यात वर्गाची एक रीत होती. ज्याच्या तोंडात पहिल्यांदा द्रावण जाईल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. दर वर्षी कुणीतरी थू थू करत बेसिनकडे धावायचं, वर्ग टाळ्या पिटायचा आणि सर म्हणायचे, "झालं, आता हा केमिस्ट झाला!"

यंदा तो मान काकूंना मिळाला.

काकू वर्गात सगळ्यांत थोरल्या. बाकीची पोरं त्यांच्या मुलीच्या वयाची, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांच्या काकू झाल्या. दिवसभर त्या कापड रंगवायच्या कारखान्यात पॅकिंगला उभ्या असत. कारखान्यातच वरच्या मजल्यावर रंगांची तपासणी करणारी छोटी प्रयोगशाळा होती आणि तिथली एक जागा रिकामी होणार होती. प्रॅक्टिकलचं प्रमाणपत्र आणा, जागा तुमची, असं साहेबांनी सांगितलं होतं. नापास झाल्या तर जागा दुसऱ्याची आणि काकू पुन्हा खोक्यांना चिकटपट्टी लावायला मोकळ्या. म्हणून संध्याकाळी हा वर्ग.

ओढायचं होतं कॉस्टिक सोड्याचं द्रावण. बाटलीत ते आहे त्याहून जास्त वाटलं, नळीचं टोक मध्येच उघडं पडलं, आत हवा शिरली आणि द्रावण फसकन वर येऊन काकूंच्या जिभेवर आदळलं. आधी बुळबुळीत लागलं, मग जाळ. त्या नळाखाली तोंड धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मागे टाळ्या वाजत होत्या.

"काकू, चहा!" लांब्या ओरडला. हा शेजारच्या टेबलावरचा, ताडमाड वाढलेला आणि तितकाच बोलका.

काकूंनी चहा पाजला. स्वतः मात्र त्यांना तो पिता आला नाही.

घरी कुणाला सांगायचं नाही असं ठरवून त्या स्वयंपाकाला लागल्या, पण जीभच आंधळी झाल्यावर चव कशी बघणार? पहिला घास घेऊन सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं.

"अगं, मिठाची बरणी उपडी केलीस की काय?"

"जास्त झालं का?"

"जास्त? समुद्र परवडला! जीभ दाखव बघू."

"काहीतरीच काय, आई."

"दाखव म्हणते ना!"

संसाराला इतकी वर्षं झाली, पण सासूला जीभ दाखवायची वेळ काकूंवर पहिल्यांदाच आली. टोकाशी पांढरं पडलं होतं आणि कडेची कातडी सुटली होती. सासूबाई उठल्या. गार दुधाची वाटी आणून पुढ्यात ठेवली, आणि मग मात्र त्यांचा पट्टा सुटला.

"शिकायला गेलीस की जीव द्यायला? आणि त्या मास्तरचं तोंड काय पत्र्याचं आहे? उद्यापासून जायचं नाही, असं मी म्हणणार नाही. जायचं. पण पुन्हा ते तोंडाला लावलंस तर माझ्याशी गाठ आहे."

काकूंना रडू आलं ते जिभेमुळे नव्हे. घरातून एक तरी माणूस 'जाऊ नको' म्हणेल आणि आपल्याला सुटायला वाट मिळेल, अशी मनाच्या तळाशी कुठेतरी आशा होती. ती वाट सासूबाईंनी बंद केली. मग चिडच आली, स्वतःची आणि टाळ्या पिटणाऱ्या वर्गाची. बेसिनपाशी आपण हसलो होतो, हे त्यांना सगळ्यांत जास्त लागलं होतं. भाजलेल्या तोंडाने, सगळे हसतात म्हणून, हसलो होतो.

सुट्टीच्या दिवशी सासू-सून दोघी जाऊन पिपेटला लावायचा रबरी फुगा घेऊन आल्या. फुगा आधी दाबायचा, मग नळीच्या टोकाला नुसता टेकवायचा, हळूहळू सोडायचा आणि द्रावण खुणेच्या वर आलं की फुगा काढून चटकन बोट ठेवायचं. वाचायला सोपं, करायला महाकठीण. सुरुवातीला बोट पोचेपर्यंत सगळं खाली यायचं. दुकानदाराकडून एक जुनी, टोक उडालेली पिपेटही मिळाली होती. स्वयंपाकघरात पाण्याच्या पातेल्यावर सराव सुरू झाला. सासूबाई चष्मा लावून समोर बसत आणि खुणेवर नजर ठेवत.

"वर आहे अजून. जरा सोड. सोड. अगं, बास! गेलं. तुझ्या बोटाला घाई फार."

"तुमची नजर वरून पडतेय, आई. डोळा खुणेच्या रेषेत आणा. पाण्याचा खोलगट तळ रेषेला टेकला पाहिजे."

"माझ्या डोळ्याला नावं ठेवू नकोस, तुझं बोट बघ."

अशा भांडणातून हात बसला. वेळ लागायचा, पण चुकायचा नाही.

वर्गात फुगा निघाला तेव्हा सरांनी तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "बाळाची चोखणी आणलीय काकूंनी," ते म्हणाले. वर्ग हसला. या वेळी काकू हसल्या नाहीत.

"सर, मी यानेच करणार."

"करा. माझं काय जातंय? पण परीक्षेत बाहेरचं साहित्य चालत नाही. तिथे तोंडच लागेल. माझं बघा, आयुष्य गेलं ओढण्यात. काही झालं का मला?"

"तुमचं तोंड तुमचं, सर. माझं मला अजून लागणार आहे."

सरांनी फलकावरचा कोट सारखा केला आणि पुढच्या टेबलाकडे वळले. त्या दिवसापासून काकूंच्या फ्लास्ककडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी बोलल्याप्रमाणे केलं. दारातच पिशव्या तपासल्या, फुगा काढून घेतला आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकला. बाहेरून परीक्षक आले होते. ते खिडकीशी बसून गुणपत्रकं लावत होते. अंग बारीक, आवाज त्याहून बारीक. काकूंच्या टेबलावर एक ब्युरेट, एक पिपेट, तीन फ्लास्क, कॉस्टिक सोडा आणि आम्ल. सोडा पिपेटने मोजून फ्लास्कमध्ये घ्यायचा, त्यात निर्देशकाचे दोन थेंब टाकले की तो गुलाबी होतो, आणि मग ब्युरेटमधून आम्ल सोडत जायचं. गुलाबी रंग जिथे पुरता मावळतो तिथे थांबायचं.

लांब्याने पिपेट ओठांत धरली होती आणि डोळे बाटलीवर वटारले होते. सगळ्या खोलीत ओढण्याचा आवाज येत होता. काकूंनी पिपेट उचलली, टोक पाहिलं आणि परत ठेवली. एकदाच तर ओढायचंय, मन म्हणत होतं. एक दम, आणि वरच्या मजल्यावरची जागा आपली. सर लांबून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर 'आता बघू' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

त्या चेहऱ्यानेच काकूंचं काम केलं. नाही म्हणजे नाही, त्यांनी ठरवलं, आणि ठरल्यावर डोकं चालू लागलं. नेमकं मोजून द्रव सोडायला पिपेटच कशाला हवी? ब्युरेटलाही खुणा आहेतच की! त्यांनी ब्युरेटमध्ये आम्लाऐवजी आधी सोडाच भरला. फनेल काढून ठेवलं, नाहीतर त्यातून थेंब गळून मोजमाप बिघडतं. चावी खाडकन उघडून टोकातला बुडबुडा घालवला. मग डोळा रेषेत आणून, पिपेटने घेतलं असतं तेवढंच माप तिन्ही फ्लास्कमध्ये सोडलं आणि त्यांवर काचेच्या चकत्या झाकल्या. सोड्याने काचेची चावी अडकून बसते, म्हणून ब्युरेट लगेच पाण्याने धुतली, पुन्हा धुतली, थोड्या आम्लाने खळबळून घेतली आणि मग कुठे आम्ल भरलं. बाकीची पोरं तोवर निम्म्यावर पोचली होती. पण पुढचं काम काकूंच्या हातातलं होतं. तिन्ही वेळा रंग एकाच ठिकाणी मावळला.

परीक्षक टेबलापाशी आले. आकडे पाहून त्यांनी मान डोलावली, आणि मग त्यांची नजर पिपेटवर गेली.

"ही कोरडी कशी?"

"वापरली नाही, सर."

"मग सोडा मोजलात कशाने?"

काकूंनी सांगितलं. परीक्षकांना हसू आलं, आणि ते दाबता दाबता त्यांची तारांबळ उडाली. तेवढ्यात थेंबसर येऊन उभे राहिले.

"आकडे बरोबर असतील, पण पिपेटच्या हाताळणीचे गुण वेगळे आहेत," ते म्हणाले. "आणि प्रत्येक भागात पास व्हावंच लागतं. पिपेटला हात नाही, तर गुण शून्य."

"एकदा भरून दाखवा ना, बाई," परीक्षक समजुतीने म्हणाले. "एका मिनिटाचं काम. मी गुण देऊन टाकतो."

"फुगा द्या, आत्ता दाखवते. तोंडाने नाही दाखवणार."

"शून्य आलं तर नापास व्हाल. कळतंय ना?"

"कळतंय." काकूंचा आवाज कापत होता. तो कापतोय याचाच त्यांना राग आला आणि त्या मोठ्याने बोलल्या, सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या. "लिहा शून्य. पण शेजारी कारणही लिहा. कॉस्टिक सोडा तोंडाने ओढायला नकार दिला म्हणून शून्य, असं लिहा. आणि खाली सही करा."

परीक्षकांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तिथेच राहिलं.

"लिहा की," थेंबसर म्हणाले. "मी काय घाबरतो? असंच शिकवत आलोय मी."

"तुम्ही नसाल घाबरत," परीक्षक म्हणाले, "पण सही माझी आहे." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हे वाक्य मी लिहू शकत नाही, सर. आणि कारणाशिवाय शून्यही देऊ शकत नाही. तो फुगा कुठे आहे?"

सर हलले नाहीत. खोलीत ओढण्याचा आवाज थांबला होता. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, आपल्या टेबलाशी गेले, खण उघडला आणि फुगा आणून टेबलावर ठेवला. तो हातात द्यायचं मात्र त्यांनी टाळलं.

काकूंनी फुगा दाबला, टेकवला. पहिल्यांदा बोट उशिरा पोचलं आणि सोडा खाली उतरला. कुणीतरी खोकलं. दुसऱ्यांदा द्रावण खुणेच्या वर थांबलं. त्यांनी टोक बाहेरून पुसलं, बोट किंचित सैल केलं, आणि द्रावणाचा खोलगट तळ येऊन रेषेवर बसला. फ्लास्कमध्ये सोडून झाल्यावर टोकात उरलेला शेवटचा थेंब त्यांनी फुंकला नाही, कारण तो फुंकला की माप वाढतं; सर टेकवत तसा नुसता काचेला टेकवला.

परीक्षकांनी गुण लिहिले. "पास. पण थोडे कापलेत. फार हळू आहात."

"हळूच राहणार आहे मी," काकू म्हणाल्या.

परीक्षक पुढे गेले. सर मात्र तिथेच उभे होते, त्या शेवटच्या थेंबाच्या जागेकडे बघत. तेवढ्यात शेजारून लांब्याचा आवाज आला. एरवी वर्ग डोक्यावर घेणारा पोरगा कुजबुजत होता.

"काकू, झालं असेल तर ते जरा इकडे देता का? मला अजून एकदा भरायचंय."

काकूंनी सरांकडे पाहिलंही नाही. फुगा धुतला, पुसला आणि लांब्याच्या हातात ठेवला. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने ओठांतली पिपेट काढली. "मग मला," ती म्हणाली.

"बघा," सर चिडून म्हणाले, "आता सगळेच मागतील. एका फुग्यावर परीक्षा संपायची कधी?"

"मागू देत, सर," काकू म्हणाल्या. "एकच आहे, तर रांगेत उभे राहतील."