मन्सूरेची मेहराब

मखलूफ शहराबाहेर पडला तो तीन दिवसांसाठी, आणि परत आला आठ वर्षांनी.

तिलिमसान शहरात गिलाव्यावर नक्षी कोरणारे पाच-सात कारागीर होते, त्यांतला तो एक. हात चांगला, पण स्वभाव किरकिरा. गिलाव्यासाठी बाजारात मिळणारा चिरोडीचा दगड त्याला कधी पटायचा नाही. त्यात माती असते, भाजल्यावर पूड पिवळी पडते, कोरताना पाकळीची कड तुटते, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्या वसंतात तो खेचर घेऊन डोंगरातल्या खाणीवर स्वतः निघाला. बायको तमीमा दारात उभी होती.

"सगळं गाव बाजारातला दगड वापरतं. तुमचंच काय एवढं?"

"त्यात माती असते."

"मग? मातीत हात घालूनच खाता ना?"

"तीन दिवसांत येतो," मखलूफ म्हणाला. धाकटा भाऊ झीरी घरात होताच, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं.

चौथ्या दिवशी तो शेवटच्या टेकडीवर आला तर खाली तंबूच तंबू. फेझच्या मरिनी घराण्यातल्या सुलतानानं शहराला वेढा घातला होता. वेशी बंद होत्या. पहाऱ्यावरच्या शिपायांनी त्याला खेचरासकट धरलं आणि गोणी उघडून बघितल्या. आत दगड.

"हे कशाला? तटावरून आमच्या डोक्यात घालायला?" एक शिपाई म्हणाला आणि बाकीचे हसले.

दुसऱ्या दिवशी कदाचित त्याचं मुंडकंच उडालं असतं. पण त्या छावणीत अल्लाल नावाचा एक म्हातारा उस्ताद होता. फेझचा. सुलतानाच्या बांधकामांवर मुख्य. त्यानं गोणीतला एक दगड उचलला, नखानं खरवडला, जिभेला लावला.

"हा तू निवडलास?"

"हो."

"ह्याला सोडा," अल्लाल शिपायांना म्हणाला. "ह्याला दगड कळतो."

शहर महिन्या-दोन महिन्यांत पडेल असं सगळ्यांना वाटत होतं. ते पडलं नाही. उन्हाळा गेला, हिवाळा आला, आणि तंबूत थंडी वाजते म्हणून सरदारांनी घरं बांधायला घेतली. घरं आली तशी हमामं आली, बाजार आला, सुलतानाचा वाडा आला. तिलिमसानभोवती एक भिंत उभी राहिली, बाहेरच्यांना आत शिरू आणि आतल्यांना बाहेर पडू न देणारी. वेढा घालणाऱ्यांची छावणी हळूहळू तिलिमसानपेक्षा मोठं शहर झाली. तिचं नाव त्यांनी मन्सूरा ठेवलं, म्हणजे विजयी. विजय अजून मिळायचा होता, पण नाव आधी ठेवून झालं.

मखलूफ पहिली दोन वर्षं मान खाली घालून काम करत होता. नाही म्हणणाऱ्याचं काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. सरदारांच्या दिवाणखान्यांत तो ठराविक वेलबुट्टी कोरायचा, मनात काही न ठेवता. परातीवरून चमचा फिरवावा तशी. संध्याकाळी परांचीवरून उतरून तो पूर्वेकडे बघायचा. आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीचा मिनार त्याला तिथून दिसायचा. हिवाळ्यात चुलींचा धूर दिसायचा. दरवर्षी धुराच्या रेघा कमी व्हायच्या.

तिसऱ्या वर्षी जुम्म्याच्या मोठ्या मशिदीचं काम निघालं, आणि अल्लालनं त्याला बोलावलं.

"मेहराब तू कर."

मक्केच्या दिशेची कमान. मशिदीत सगळ्यांची नजर जिथे लागते ती जागा. ती सहसा उस्ताद स्वतःकडे ठेवतो.

"मी तिलिमसानचा आहे," मखलूफ म्हणाला.

"मला माहीत आहे कुठला ते. माझे हात थरथरतात. फेझहून आणलेली पोरं चांगली आहेत, पण त्यांना घाई आहे. तुला घाई नाही. तुझं घर त्या भिंतीपलीकडे आहे. तू जाणार कुठे?"

हे म्हातारा दुष्टपणानं म्हणाला नव्हता. खरं तेच म्हणाला.

मग असं झालं, की त्याला हवा तो दगड मिळाला. हवा तितका वेळ मिळाला. एक पट्टा मनासारखा नाही झाला तर तो तोडून पुन्हा करायची मुभा मिळाली. तिलिमसानात त्याच्या मोहल्ल्यातली मंडळी तासातासाला येऊन विचारायची, झालं का, रमजानच्या आधी होईल का, एवढी बारीक पानं कोण बघतंय. इथे अल्लाल यायचा, अर्धा अर्धा तास बघत बसायचा, आणि एखाद्या देठाकडे बोट दाखवून म्हणायचा, "हा इथे दम लागल्यासारखा का वळलाय?" आणि तो खरंच तसा वळलेला असायचा.

एका संध्याकाळी अवजारं पुसताना मखलूफच्या लक्षात आलं, की आज दिवसभरात आपल्याला तमीमाची आठवण आली नाही. एकदाही. एका पानाच्या वळणात सबंध दिवस गेला होता. त्या रात्रीचं जेवण त्यानं कुत्र्याला घातलं. दुसऱ्या दिवशी मात्र जेवला.

आतल्या बातम्या यायच्या त्या ऐकवत नसत. लोक मांजरं खातात, उंदीर विकत घेतात, छपराच्या तुळया जाळतात. हम्मू नावाचा एक खेचरवाला होता. तो पाण्याच्या जुन्या पाटातून रांगत आत जायचा आणि धान्य विकून यायचा. सापडला तर सुळावर जाईल हे त्याला ठाऊक होतं. पाचव्या हिवाळ्यात मखलूफनं त्याला गाठलं, जवाची एक गोणी दिली, आणि मोहल्ला, गल्ली, दार, दारावरची खूण, सगळं चारदा सांगितलं.

आठवड्यानं हम्मू परत आला.

"दिलं. हातात दिलं तिच्या."

"काय म्हणाली?"

हम्मू टाचेचा चिखल काडीनं काढत होता. "काय म्हणणार? रडली."

त्या एका शब्दावर मखलूफनं पुढचे दिवस काढले. रडली, म्हणजे जिवंत आहे. रडली, म्हणजे मला विसरली नाही. पुढच्या खेपेला हम्मू सापडला, आणि त्याला भिंतीवर टांगलं तेव्हा मखलूफ मेहराबीच्या वरच्या पट्ट्यावर काम करत होता. बघायला गेला नाही.

मेहराब पुरी झाली तेव्हा अल्लाल बघायला आला. तिच्यासमोर बसून राहिला आणि उठताना मखलूफच्या खांद्याचा आधार घेतला. म्हातारा त्याच वर्षी वारला.

आणि मग आठव्या वर्षी, एका दुपारी, सुलतानाला त्याच्याच वाड्यात त्याच्याच एका खोज्यानं भोसकलं. वारसांत भांडण लागलं. ज्याला गादी हवी होती त्याला फेझला पोचायची घाई होती. त्यानं तिलिमसानच्या राजाशी तह केला, आणि बघता बघता सैन्य निघून गेलं. तिलिमसानच्या वेशी उघडल्या.

मखलूफ पिठाची गोणी आणि तेलाचा बुधला घेऊन आत शिरला. रस्त्यात ओळखीचे चेहरे नव्हते. होते ते ओळखू येत नव्हते. घराला दार नव्हतं. जाळलं होतं. अर्ध्या छपराच्या तुळयाही गेल्या होत्या. अंगणात एक म्हातारा भिंतीला टेकून उन्हात बसला होता. मखलूफ त्याला विचारणार की इथली माणसं कुठे गेली, तेवढ्यात म्हातारा म्हणाला,

"दादा, पोट सुटलंय तुझं."

तो झीरी होता. वय जेमतेम तिशीचं.

मखलूफनं गोणी खाली ठेवली. आत डोकावला. खोली रिकामी होती.

"वहिनी नाही," झीरी म्हणाला. "सहाव्या हिवाळ्यात गेली."

"सहाव्या? पण मी पाचव्या हिवाळ्यात जव पाठवले होते. हम्मू म्हणाला, पोचले."

"पोचले की."

"मग?"

झीरीनं पाय जवळ ओढून घेतले. त्याचे गुडघे मांड्यांपेक्षा जाड होते.

"वहिनीनं त्या माणसाला विचारलं, हे बरे आहेत का. तो म्हणाला, मजेत आहेत, मोठ्या मशिदीची मेहराब करतायत, तिथला उस्ताद ह्यांच्यावर खूश आहे. त्याला वाटलं, ऐकून बरं वाटेल. वहिनी म्हणाली, छान. आणि गोणी माझ्यापुढे सरकवली. भावजी, तुम्ही खा."

"रडली नाही?"

"रडायला अंगात पाणी लागतं. रोज मूठभर जव शिजवायची. मला वाढायची. समोर बसायची. स्वतः एक दाणा तोंडात घातला नाही. गवत उकडून खायची, पण ते नाही."

मखलूफ खाली बसला.

"आणि तू?"

"मी खाल्लं," झीरी म्हणाला. "सगळं खाल्लं. एकदाही म्हटलं नाही, वहिनी, तुम्ही घेतल्याशिवाय मी घास घेणार नाही. तसं म्हटलं असतं तर तिनं ऐकलंही असतं. पण मग मला अर्धंच आलं असतं."

मग मखलूफनं विचारलं, "कुठे पुरलंय?"

"त्या हिवाळ्यात वेगळे खड्डे नव्हते. बाब-अल-अकबा वेशीच्या अलीकडे मोठा चर होता. त्यात कुठेतरी."

झीरीनं पीठ घेतलं, भाकऱ्या भाजल्या, आणि दोघांनी खाल्ल्या. भूक लागली होती.

पंधरा दिवसांनी दवंडी फिरली. मन्सूरा पाडायची. घरटी एक माणूस, हत्यार ज्याचं त्यानं आणायचं. झीरीला उभं राहिलं की चक्कर यायची, म्हणून जायचं मखलूफनं ठरवलं. पण झीरीही निघाला. "मला बघायचंय," म्हणाला. अर्ध्या वाटेत तो दोनदा बसला.

मशिदीत पोचले तेव्हा लोक आत शिरले होते. मेहराबीपाशी अजून कोणी गेलं नव्हतं. झीरी तिच्यासमोर उभा राहिला. सकाळचं ऊन बाजूच्या जाळीतून येत होतं आणि पानांच्या खाली पानं, त्यांच्याही खाली पानं, अशी सावली पडली होती.

"हे तू केलंस?"

"हो."

"सगळं?"

"कमानीपासून वरचं सगळं."

"आपल्या मोहल्ल्यातली कमान अशी नाही."

"नाही."

"का नाही?"

दगड चांगला नव्हता, असं मखलूफ म्हणणार होता. म्हणाला, "तिथे करू दिलं नाही. इथे करू दिलं."

झीरीनं मान हलवली. हातातली पहार उचलली आणि मारली. गिलाव्याचा एक टवका उडाला, बस्स. पुन्हा मारली. त्याच्या हातात जोर नव्हता आणि पहारीनं तोच मागे ढकलला जात होता. शेजारी आणखी दोघे-तिघे येऊन मारू लागले, तेही तसलेच, हाडांचे सापळे. एक जण धापा टाकत म्हणाला, "कुठल्या मेल्यानं केलीय ही? तुटत नाही."

झीरीनं भावाकडे पाहिलं. "सांग ना. कुठून तुटते?"

"दुसऱ्या पट्ट्यामागे लाकडी खुंट्या आहेत," मखलूफ म्हणाला. "त्या सैल केल्या की गिलाव्याची फळी सबंध सुटते."

"मग कर."

त्यानं पहार घेतली. खुंट्या कुठे आहेत ते त्याला डोळे मिटूनही सापडलं असतं. पहिली फळी आली, दुसरी आली. लोक बाजूला झाले. दुपारपर्यंत मेहराबीची वीट उघडी पडली. मग त्याला खांबांकडे नेलं, मग सुलतानाच्या वाड्याकडे. अठरा दिवस काम चाललं आणि सगळ्यांत जास्त त्यानंच पाडलं. कारण त्या गर्दीत अंगात ताकद असलेला तोच होता. संध्याकाळी लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. बऱ्याच जणांना तो कोण ते माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते थाप मारत नसत, पण त्यांनी कोणाला सांगितलंही नाही.

पडलेला गिलावा पुन्हा भट्टीत भाजून शहराच्या डागडुजीला वापरला. अशी पूड नीट धरत नाही, हे मखलूफनं सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

शरद ऋतूत राजाच्या बांधकाम खात्याचा कारभारी गल्लीत आला. त्याला राजवाड्याचा दिवाणखाना दुरुस्त करायचा होता. त्यानं मखलूफला हात पुढे करायला लावले. पालथे करून पाहिले, सुलटे करून पाहिले.

"वेढ्यात कुठे होतास?"

"बाहेर."

"तरीच. इतर कारागिरांचं मी बघून आलो. चौघं मेले, एकाला दिसत नाही." त्यानं हात सोडले. "उद्यापासून ये. तिकडे मन्सूरेत होतं ना, तसं हवंय. लोक म्हणतात फार सुंदर होतं. मला काही बघायला मिळालं नाही, मी जाईपर्यंत पाडून टाकलं होतं मूर्खांनी."

मखलूफनं हो म्हटलं. दुसरं काही येत नव्हतं त्याला.

झीरीनं ते ऐकलं. त्याच्या अंगावर आता थोडं मांस आलं होतं. त्यानं आपली घोंगडी गुंडाळली, मडकं घेतलं.

"कुठे निघालास?"

"खोगीरवाल्याकडे. माणूस हवाय त्याला. तिथेच राहीन."

"इथे राहून जाता येईल की."

"येईल," झीरी म्हणाला. "पण इथे दोन वेळा तुझ्यासमोर जेवायला बसावं लागतं, दादा. तू वाढतोस, मी खातो. ते मला पुन्हा नाही जमायचं."

मखलूफ त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेला. पुढे ते रस्त्यात भेटत, सलाम करत, पावसापाण्याचं विचारत. दिवाणखाना दोन वर्षांनी पुरा झाला. लोक बघायला येत आणि छान झालाय म्हणत. झीरी आला नाही. मखलूफला विचाराल तर नक्षी बरी होती. दगड बाजारातला होता.