बुरुलनं कळप थांबवला

काश्का गाईच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. बुरुलनं तिचा जबडा धरून तोंड उघडलं. जिभेवर पांढुरके फोड आले होते. लाळ-खुरकूत. एका गाईला झाला की कळपभर पसरणारा रोग.

बाहेर रस्त्यावर गावची गुरं जमत होती. बर्फ वितळून उतारावर नुकतंच गवत आलं होतं आणि कळप यंदा पहिल्यांदाच वर जाणार होता. गुरं राखायची पाळी घरोघर फिरायची. आज ती मुकाशची होती.

बुरुलला वाटलं, गाय लंगडतेय म्हणून घरी ठेवली असं सांगावं आणि गप्प बसावं. पण काल काश्का सालियाच्या गाईबरोबर एकाच हौदावर पाणी प्यायली होती. सालिया तिची शेजारीण. एक दिवस दोन्ही घरचं दूध हिच्याकडे, दुसऱ्या दिवशी तिच्याकडे. तेव्हा कुठे लोणी काढण्याइतकं साठायचं. नवरा गेल्यापासून बुरुलचं घर त्यावरच चाललं होतं. सालियाची गाभण गाय आत्ता कळपाच्या अगदी मधोमध उभी होती.

बुरुल फाटकापर्यंत आली. रोग पायांबरोबर जाऊ नये म्हणून बाहेर पाऊल टाकलं नाही.

"मुकाश, कळप नेऊ नकोस. माझ्या गाईच्या जिभेला फोड आलेत."

मुकाशनं घोडा थांबवला. "नीट बघितलंत ना, ताई? चारा संपलाय सगळ्यांचा. गुरं खाणार काय?"

"नीट बघितलंय."

बायका आपापल्या गाई घेऊन मागे फिरल्या. सालियानं बुरुलकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी जनावरांचा डॉक्टर आला. रोग तोच निघाला. गावाबाहेर दूध जाणं बंद झालं आणि बुरुलच्या दाराशी कुणी फिरकेना. शेजारच्या गोठ्यातून हंबरणं ऐकू आलं की ती कुंपणापर्यंत जायची. काय झालं, असं विचारायचा धीर मात्र होईना. मग एका सकाळी काश्काचं वासरू दूध पिता पिता कोसळलं, ते उठलंच नाही. खड्डा तिनं एकटीनंच खणला.

संध्याकाळी सालिया कुंपणापाशी आली.

"माझीलाही झालाय रोग," ती म्हणाली. "दुपारी वासरू टाकलं तिनं."

बुरुलनं डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडावर दाबून धरलं.

"बाकी कुणाकडे नाही. मुकाश सांगत होता." सालिया जरा थांबली. "गावाला ओरडून सांगितलंस. मला आधी हाक मारायची होतीस. त्याचाच राग आला होता मला."

"मारली असती तर?"

"तर मी तुला गप्प बसवलं असतं."

सालियानं बुरुलच्या मागच्या ताज्या मातीकडे पाहिलं.

"खड्डा किती खोल घेतलास?" सालियानं विचारलं.

"छातीइतका."

सालियानं मान हलवली आणि आपल्या वासराच्या खड्ड्यासाठी फावडं आणायला ती आत गेली.