विभूती लावलेली फळी

आष्टीच्या बाजारात किराणा दुकान चालवणाऱ्या विरुपाक्षआप्पांच्या जिवात महिनाभर जीव नव्हता. त्यांची रुचिका पोलीस भरतीत निवडली गेली होती. पोरीनं मैदान मारलं, लेखी मारली, आता राहिली होती ती फक्त चारित्र्याची चौकशी. एवढ्यात नावावर एखादी केस लागली की हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या धास्तीनं आप्पांनी शेजाऱ्याशी गटारीवरून चाललेलं भांडणसुद्धा अर्ध्यावर सोडून दिलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच थोरल्या केदारनाथनं पुण्याहून बहिणीला एक विजेवर चालणारी चाकाची फळी आणून दिली. ना हँडल, ना सीट, ना नंबर. वर उभं राहायचं, हातातलं बटण दाबायचं की निघाली. ही रस्त्यावर चालते का, म्हणून आप्पांनी बाजारात विचारून पाहिलं. एक म्हणाला, खेळणं आहे, खेळण्याला कसलं आलंय लायसन. दुसरा म्हणाला, मोटर आहे म्हणजे वाहनच, पासिंग नसेल तर केस होते. भित्र्या माणसाला वाईट तेच आधी पटतं. आप्पांनी पोरीला ताकीद दिली, फळी अंगणाबाहेर न्यायची नाही.

पण अंगण ते केवढं! त्या सकाळी आप्पा डबा घरीच विसरले आणि रुचिका तो घेऊन फळीवरूनच बाजारात आली. दुकानासमोर उतरते न उतरते तोच पुढ्यात पोलीस ठाण्याचे जमादार अभिमन्यू उभे.

हे काय आहे, जमादारांनी शांतपणे विचारलं.

"खेळणं हाय, साहेब," रुचिकाच्या आधी आप्पाच बोलून गेले. "लेकरांचं खेळणं."

जमादारांनी फळी उचलून उभी केली. पुढच्या कडेला विभूतीची तीन बोटं ओढलेली, त्यावर कुंकू आणि खाली दोऱ्यात लिंबू-मिरची. हे महादेवीबाईंचं काम. घरात चाकाचं काहीही आलं की आप्पांची बायको पूजा करून नारळ फोडल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही.

"आप्पा, खेळण्याला लिंबू-मिरची कोण बांधतं?"

आप्पांनी लिंबू-मिरची ओढून तोडली आणि अंगठ्यानं विभूती पुसायला लागले. लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारा माणूस भर बाजारात विभूती पुसत होता. रुचिकाला ते बघवेना. तिनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या, आप्पा." मग ती जमादारांकडं वळली. "गाडीच हाय, साहेब. आईनं गाडी म्हणूनच पूजा केली. आप्पा नको म्हणलेते, तरी मीच रस्त्यावर आणली."

संपलं सगळं, आप्पांना वाटलं. ते तांदळाच्या पोत्यावर बसले.

जमादारांनी फळी काखेत मारली. आज दंडावर भागेल, तो भरून फळी ठाण्यावरून न्या, पुन्हा रस्त्यावर दिसली तर मात्र केस, असं सुनावून ते निघाले आणि पायरीखाली जाऊन थांबले.

"मी ह्या फळीसाठी आलतो व्हय? पोरीच्या चौकशीला आलतो. पोरगी कशी हाय, शेजारीपाजारी विचारणार होतो. आता न्हाई विचारीत, कळलं मला." मग त्यांनी आप्पांकडं पाहिलं. "तुमची चौकशी नव्हती, ते बरं झालं."

आप्पा हसले नाहीत. अंगठ्याला राहिलेली विभूती त्यांनी कपाळाला लावली आणि डबा न उघडता तसेच बसून राहिले.