अर्ध्या तासाचं काम

दारा-खिडक्यांच्या चौकटी रंगवायच्या होत्या. बस, एवढंच. पण नवऱ्याने त्याचा अभ्यास सुरू केला आणि तिने कॅलेंडरवरच्या चौथ्या रविवारभोवती गोल काढला. त्या दिवशी तिची आई कायमची राहायला येणार होती. भावाने फोनवर बजावून ठेवलं होतं, "ताई, घरात पसारा दिसला तर आईला तशीच परत नेईन हं."

तीन आठवडे नवरा जेवताना रंग फवारायच्या मशिनीच वाढत होता. कॉम्प्रेसरची गन नाजूक, पण निम्मा रंग हवेत. टर्बाइनची गन शहाणी, पण हळूबाई. एअरलेस मात्र नुसत्या दाबाने रंग मारते; अख्खं घर अर्ध्या तासात!

"अहो, चार बोटांच्या पट्टीला तोफ कशाला? माळ्यावर दोन इंची ब्रश आहे की."

"ब्रशचे पट्टे उठतात. तुला फिनिशिंगमधलं काही कळत नाही."

खरंच कळत नव्हतं. तिला फक्त रविवार कळत होता.

गुरुवारी भाड्याची एअरलेस आली. अर्ध्या तासाच्या कामाआधी भिंती, फरशी, पंखे, दिवे झाकायचे होते. गुरुवार टेप लावण्यात गेला, शुक्रवार टेप सरळ करण्यात. तिने माळ्यावरून ब्रश काढला, मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, चौकटींना पॉलिशपेपर मारला आणि गुडघे टेकून रंगाचे दोन हात दिले.

शनिवारी तोफ सुटली. घरात झाकायची राहिलेली एकच वस्तू होती, नवऱ्याचा चष्मा. तो पांढरा झाला तसा त्याने थिनरने खसाखसा पुसला आणि काचा कायमच्या दुधाळ झाल्या. त्यातून हॉलच्या चौकटीकडे बघून तो म्हणाला, "काय फिनिश आलंय!" चौकटीवरून रंगाचे ओघळ आरामात खाली चालले होते.

रविवारी भाऊ आईला घेऊन दारात उभा राहिला. "ताई, हे घर आहे की पार्सल? आई, चल परत."

"थांब रे. आधी माझी खोली बघू दे."

प्लॅस्टिकमधून वाट काढत आईची काठी मागच्या खोलीपर्यंत गेली. धुतलेली चादर, उघडी खिडकी, पांढरी चौकट. आईने चौकटीवरून हात फिरवला. ब्रशचे बारीक पट्टे बोटांना लागत होते. खाली, गुडघ्यांवर बसून मारलेले, जरा तिरके.

तेवढ्यात नवरा आला. ही खोली आपण कधी मारली ते त्याला आठवत नव्हतं, पण तेवढ्यावरून श्रेय सोडणाऱ्यातला तो नव्हता. "बघा आई, मशीनची कमाल! ब्रशचा एक पट्टा दाखवा!"

तिने तोंड उघडलं. आईचा अंगठा पट्ट्यावरच होता.

"नाही हो जावईबापू, एकही नाही," म्हणत आई पलंगावर टेकली आणि मुलाकडे वळली. "माझी बॅग आत आण. आणि जाताना ह्यांना चष्मेवाल्याकडे सोड."