भिंगरीसाठी निवडलेली पुस्तकं

पुतणीच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र साधंच होतं. 'काका, आमच्या भिंगरीला डिस्लेक्सिया आहे असं निघालं, अक्षरं वाचता-लिहिताना अडते. शाळेतून काढलंय, आता घरीच शिकवते. बाजारात अ‍ॅप, रंगीत काचांचे चष्मे, कार्डांचे संच, काय वाटेल ते मिळतं. तुमचा जन्म ग्रंथालयाच्या बालविभागात गेला. काय घेऊ आणि काय नको, एवढं सांगा.'

मला सांगता येत नव्हतं. पण घरात पुस्तकांची गोष्ट निघाली की सगळे माझ्याकडे बघतात. 'मला माहीत नाही' असं लिहायला हात धजेना. बालविभागात आम्ही पुस्तकांच्या पाठीवर वाचनाच्या पातळीप्रमाणे पट्टी लावत असू. पिवळी पट्टी सगळ्यांत सोपी. तसलीच पुस्तकं मी दुकानातून निवडली. ठसठशीत अक्षरं, पानावर एखादं वाक्य, मांजर, चेंडू, फुगा. साधी चिठ्ठीही न घालता पार्सल केलं आणि सुटलो.

पुढे पुतणीनं घरी बोलावून घेतलं. टेबलावर ताटात बारीक वाळू पसरलेली होती, शेजारी सँडपेपरची कापलेली अक्षरं. दहा वर्षांची भिंगरी वाळूत बोटानं 'कि' काढत कुरकुरत होती.

"वेलांटी बोलायची नंतर आणि काढायची आधी! हा कुठला न्याय?"

"नियम काही मी केला नाही, बाई," पुतणी म्हणाली. "काका, बसा. चहा टाकते."

ती आत गेल्यावर मी घसा खाकरून विचारलं, "पुस्तकं आवडली का गं?"

"ती बाळाची? मांजर बसले. मांजर उठले. पुढे सांगू? मांजर झोपते."

मी हसलो. ती हसली नाही.

"आजोबा, कुणाला काय झेपेल ते तुम्हाला बरोब्बर कळतं, असं आई म्हणायची. म्हणजे मी मठ्ठच ना?"

"छे, छे! कोण म्हणतं?"

"आई 'नाही' म्हणते. पण आई काय, आईच आहे."

माझी कानशिलं तापली. मी उठून कपाटातलं ज्वालामुखींवरचं जाडजूड पुस्तक काढलं. "हे कुणाचं?"

"माझं. आई वाचून दाखवते, वेळ मिळाला तर."

मी वाचू लागलो. पान उलटलं तशी ती म्हणाली, "थांबा. लाव्हा घट्ट असला की वायू आत कोंडतो, म्हणून डोंगर जोरात फुटतो ना? पातळ असला तर नुसता वाहत जातो."

मी मागची पानं चाळली. तिचं बरोबर होतं. मी ते वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

पुतणी चहा घेऊन आली. "मग काका, पत्राचं उत्तर या जन्मी देताय की पुढच्या?"

"मला यातलं काही कळत नाही गं."

"मग तेवढंच लिहायचं! तुमचं पार्सल आलं आणि हिनं वाळूला हात लावायचं सोडलं. काल कुठे पुन्हा बसलीये. बिघडवलंत तुम्ही, आता निस्तरा तुम्हीच."

चहा कसाबसा संपवला. दुसऱ्या दिवशी अशा मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. गुडघ्याएवढ्या खुर्चीत अवघडून बसून त्यांचा वर्ग पाहिला, आणि साठी उलटून किती वर्षं झाली ते विसरून शाळकरी प्रश्न विचारले. बाई चिडल्या नाहीत, त्यामुळे जास्तच ओशाळलो.

मग उत्तर लिहिलं. आधी 'मला माहीत नव्हतं', आणि त्याखाली बाईंनी सांगितलेलं: रंगीत काचांवर पैसे घालवू नकोस. जो संच एका वेळी एकच ध्वनी शिकवतो आणि येईपर्यंत पुढे सरकत नाही, तो घे. वाळू चालू ठेव, रोज थोडीच. वाचन तिच्या डोळ्यांच्या वेगानं, पण गोष्टी तिच्या डोक्याच्या उंचीच्या, कानानं ऐकायच्या.

भिंगरीसाठी वेगळा कागद घेतला, शब्द सुटे सुटे लिहिले. 'ती पुस्तकं मी तुला न विचारता निवडली. चूक माझी. तू मठ्ठ नाहीस.' सोबत एक मेमरी कार्ड. त्यात, ग्रंथालयातून तेच ज्वालामुखींचं पुस्तक आणून वाचलेलं पहिलं प्रकरण, माझ्या घोगऱ्या आवाजात, अडखळलो तेही तसंच ठेवून.

टपालपेटीशी पुन्हा धीर सुटला. 'चूक माझी' एवढ्यानं भागेल का? पाकीट अर्धं आत, अर्धं माझ्या हातात.

"आजोबा, टाकताय ना?" मागे उभी असलेली कुणी अनोळखी बाई म्हणाली.

टाकलं.