काळं फडकं आणि खाडीचा दोर

धक्क्यावर मुंगीला शिरायला वाव नव्हता. मधोमध दर्याबाबाची काचेची टाकी, टाकीत बोटाएवढी माशांची पिल्लं आणि त्यांच्यावर खिळलेले अख्ख्या बंदराचे डोळे. बाबाने एक काळं फडकं उंच धरलं. "हा दर्याचा कोप," असं म्हणून ते पाण्यात घोळवलं. पिल्लं आधी वेडीवाकडी फिरली, मग एकेक करत पोट वर करून तरंगायला लागली.

"अशीच तुमची मासळी जन्मल्या जन्मल्या मरते. पण बाबा आहे तोवर मरणाला रजा." त्याने पिल्लं जाळीच्या पळीने उचलून शेजारच्या 'संजीवन' पाण्याच्या घंगाळात सोडली आणि डोळे मिटून पुटपुटायला लागला. थोड्या वेळाने कल्ले हलले. मग पिल्लं सुळकन पोहायला लागली आणि गर्दीने हात जोडले.

"आता खाडीचा दोर कापा. बिनधास्त जाळी टाका. जेवढी धराल तेवढी मी पुन्हा जिवंत करीन."

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई गर्दीत उभ्या राहून हे ऐकत होत्या. दोन हंगाम मासळी नव्हती, तरी पिल्लं मोठी होईपर्यंत खाडीत जाळं टाकायचं नाही हा बंदराचा करार कुणी मोडला नव्हता. खाडी बंद ठेवणारा तिच्या तोंडावरचा दोर कापायचा मान सगळ्यात जुन्या होडीवालीचा, म्हणजे बाईंच्या सासूचा. आज सासूबाईंच्या हातात कोयता होता. माशांची भुकटी करणाऱ्या कारखान्याचा ट्रकही रिकाम्या टोपल्या घेऊन मागे येऊन उभा होता. आज दोर कापणार, हे त्याला बरं आधीच कळलं.

बाबाने नवी पिल्लं घेऊन पुन्हा फडकं बुडवलं. बाई पुढे सरकल्या, आणि धुपाच्या धुरातूनही एक वास त्यांच्या नाकाला झोंबला. गेल्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या किडक्या दाढेत असाच वास येणारा बोळा ठेवला होता. अर्धं तोंड दुपारपर्यंत बधिर होतं.

"बाबा, या खेपेला पिल्लं टाकीतच राहू द्या," त्या म्हणाल्या. "नुसता मंत्र म्हणा."

"गप्प बस," शेजारी उभा असलेला त्यांचा नवरा दातओठ खात कुजबुजला. "चारचौघांत शोभा नको."

"कोपलेल्या पाण्यात मंत्र चालत नाही," बाबा म्हणाला.

"म्हणजे मंत्र पाण्याला लागतो की माशाला?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाबाचा चेहरा उतरला. "शंका घेणाऱ्याच्या घरची चूल विझते."

"आमची तशीही विझत आलीय," सासूबाई म्हणाल्या. "म्हणा की मंत्र. ऐकू दे."

बाबाने मंत्र म्हटला. मोठ्याने म्हटला, घाम फुटेस्तोवर म्हटला. पिल्लांचे कल्ले मंदावत चालले होते. आणखी वेळ गेला तर ती खरीच मरणार, हे बाईंना ठाऊक होतं. आपलाच अंदाज चुकला असला तर?

"आई, धक्क्याखालचं साधं पाणी काढा. तुमच्याच हाताने."

सासूबाईंनी क्षणभर सुनेकडे पाहिलं. मग कोयता काखेत मारून बादली ओढली, पळीने पिल्लं उचलून तिच्यात सोडली आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"हलतंय," सासूबाई म्हणाल्या. "अगं, सगळीच हलताहेत. ना मंत्र, ना तंत्र."

"लवंगेचं तेल आहे ते," बाई म्हणाल्या. "फडकं हुंगून बघा. मासे गुंगतात आणि स्वच्छ पाण्यात शुद्धीवर येतात. माझी दाढ नाही का, शाप नसताना बधिर झाली होती?"

फडकं हातोहात फिरलं. ते परत येईपर्यंत बाबा ट्रकात जाऊन बसला होता.

"मग आपली मासळी गेली कुठे?" नवऱ्याने विचारलं. आवाजात राग कमी आणि दुःख जास्त होतं.

"उपाशी मेली. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटाशी दोन-चार दिवसांची शिदोरी असते. तेवढ्यात पाण्यातला डोळ्याला न दिसणारा दाणा मिळाला नाही की संपलं. वारा वरचं पाणी ढकलतो, तेव्हा खालचं थंड पाणी वर येतं आणि त्याच्या खतावर तो बारीक दाणा वाढतो. दोन वर्षं वारा उशिरा सुटला, पाणी कोमट राहिलं. त्यातून वाचलेली पिल्लं आपल्या खाडीत आहेत. तीही धरली, तर पुढच्या वर्षी वारा वेळेवर येऊन उपयोग काय?"

"म्हणजे अजून थांबायचं?"

"थांबायचं. मलाही सोपं नाही ते, घर माझंही आहे."

नवऱ्याने आईच्या काखेतला कोयता काढून होडीत टाकला आणि खाडीच्या तोंडाशी जाऊन दोराची सैल झालेली गाठ आवळली.

सासूबाई बादली घेऊन त्याच्यामागे निघाल्या. जाताना गर्दीकडे वळल्या. "उद्या दुसरा कुणी येईल. त्यालाही बघा, माझी ना नाही. पण हात जोडायच्या आधी आपली बादली घेऊन जा."

मग वाकून त्यांनी पिल्लं दोराच्या आत सोडली.